डब्यांत गेले पंचवीस हजार, दुखणं निघालं भलतंच (पुरुषांचे रिपोर्ट, हार्मोन, सप्लिमेंट यावर मोकळा धागा)

केळीबाग_३३

मंडळी, नाव सांगत नाही, रावेर तालुका एवढं पुरे. लग्नाला चार वर्षं झाली. दर आखाजीला (अक्षय तृतीयेला) बायको माहेरी गेली की झोक्यावरच्या बाया तिला विचारणार, "मंग, काही विशेष?" आणि ती परत आली की दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज, बोलणं नाही. तिची सोनोग्राफी झाली, थायरॉईड झालं, नळ्यांचा एक्स-रे झाला, मनुदेवीला नवस झाला, कानबाईला साकडं घालून झालं, आणि माझी तपासणी किती झाली तर शून्य. कोणी म्हटलंच नाही, मीही म्हटलं नाही, खरं सांगायचं तर म्हणायचं नव्हतं.

शेवटी बायकोच म्हणाली आता तुमची करा. मे महिना, वीर्याचं सॅम्पल घरी घेतलं, डबी मोटरसायकलच्या डिक्कीत टाकली आणि निघालो. बाहेर ४४ डिग्री, डिक्कीत किती असेल देव जाणे. मध्ये पंपावर थांबलो, एक ओळखीचा भेटला, चहा झाला. दीड तासाने लॅबला पोचलो. रिपोर्ट आला शुक्राणू ६ मिलियन (मिलियन म्हणजे दहा लाख), त्यातले हलणारे १० टक्के. मेडिकलवर रिपोर्ट दाखवला तर त्याने मागून एक काळा-सोनेरी डबा काढला, ४९०० रुपये महिना. त्यात झिंक, सेलेनियम, एल-कार्निटिन, को-क्यू-टेन, अश्वगंधा, गोखरू, शिलाजित, मला तर वाटलं केळीचं मायक्रोन्यूट्रिएंट ग्रेड दोनच आहे. पाच महिने खाल्लं. पुन्हा रिपोर्ट केला, ७ मिलियन. साडेचोवीस हजारांत एक मिलियन.

मग नाशिकचे साडू म्हणाले, अरे तू युरॉलॉजिस्टला, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टरला दाखवलंस का? नव्हतं दाखवलं. गेलो. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, म्हणाले उभे राहा, पँट खाली करा, श्वास कोंडून पोटाला जोर द्या. दोन मिनिटांत सांगितलं, डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगल्यात, मोठं आहे. माझाच हात धरून दाखवलं. वर दोरीसारखं असायला पाहिजे तिथं गांडुळांचं गाठोडं लागत होतं हाताला. इतकी वर्षं रोज अंघोळ करतोय, मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं.

समजावून सांगितलं ते आपल्या भाषेत सांगतो. डावीकडची शीर वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, त्यामुळे तो रस्ता लांब आणि अवघड. शिरेत ड्रीपच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारख्या झडपा असतात, त्या ढिल्या पडल्या की रक्त उलटं खाली येऊन साचतं, आणि गोळ्यांचं (अंडकोषांचं) तापमान अंगापेक्षा दोन-चार डिग्री कमी पाहिजे ते राहत नाही. साधारण १०० पुरुषांत १५ जणांना हे असतं, त्यातल्या बऱ्याच जणांना मुलं होतात, काही अडत नाही. पण मूल होत नाही म्हणून जे तपासायला येतात त्यांच्यात ३५-४० टक्क्यांना सापडतं. म्हणजे सगळ्यात जास्त सापडणारं आणि दुरुस्त होणारं कारण हेच, आणि ते हाताने तपासल्याशिवाय कळत नाही. मला डबा विकणाऱ्यांपैकी कोणीच हात लावला नव्हता, कसा लावणार म्हणा.

मायक्रोस्कोपखाली जांघेत छोटा छेद, दुसऱ्या दिवशी घरी, महिनाभर घड उचलायचा नाही. तीन महिन्यांनी १४ मिलियन, सहा महिन्यांनी २१, हलणारे ४१ टक्के. अजून गोड बातमी नाही, ते आधीच सांगतो नाहीतर खाली विचाराल. पण डॉक्टर म्हणाले आता नैसर्गिक वाट बघायला अर्थ आहे.

आणि तीन महिनेच का, तर बी, म्हणजे शुक्राणू, तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, वर नळीतून पिकून बाहेर पडायला आणखी १०-१५ दिवस. केळीचं कमळ निघाल्यावर घड कापायला जसे तीन-साडेतीन महिने थांबतो तसंच. पंधरा दिवसांत फरक असं जो सांगतो तो बागाईतदार नाही, दलाल आहे.

भरीत_आणि_कळणा

कितला पैसा गयात भो ऑपरेशनले? नी दुखस का?

केळीबाग_३३

डब्यांपेक्षा जास्त गेले, पण एकदाच गेले. आठ दिवस चालताना ओढल्यासारखं वाटायचं, बाकी काही नाही. आणि एक, सगळ्यांनाच ऑपरेशन नसतं भाऊ. सोनोग्राफीत बारीक दिसलं पण हाताला लागत नाही अशांना कापून फायदा नसतो असं डॉक्टर स्वतःच म्हणाले. हाताला लागतंय, रिपोर्ट खराब आहे आणि बायकोचं ठीक आहे, असं तिन्ही जुळलं तर.

लॅबवाला_धुळे

केळीबाग दादा, तुमचा पहिला रिपोर्ट वाचून डोक्याला हात लावला. डिक्कीत, मे महिन्यात, दीड तास! त्या न हलणाऱ्या ९० टक्क्यांतले बरेच उन्हानेच गेले असतील. १९ वर्षं लॅबमध्ये आहे, हे लिहून ठेवा सगळ्यांनी.

आधी किमान २ दिवस आणि जास्तीत जास्त ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. "जास्त साठू दे" म्हणून लोक २० दिवस थांबून येतात, त्याने आकडा वाढतो पण मेलेले वाढतात. जमलं तर लॅबमध्येच सॅम्पल द्या, आमच्याकडे खोली असते, कोणी बाहेर उभं राहून घड्याळ लावत नाही. घरून आणायचं तर तासाच्या आत, डबी शर्टाच्या आत अंगाला लावून, डिक्की नको, एसीसमोर नको, बर्फात तर अजिबात नको, एक जण खरोखर कुल्फीच्या थर्मासमध्ये घेऊन आला होता. साधा निरोध वापरून सॅम्पल घेऊ नका, त्यावरच्या औषधाने मरतात. पहिला थेंब सांडला असेल तर लाजू नका, सांगा, कारण जास्तीत जास्त शुक्राणू सुरुवातीच्याच भागात असतात.

आणि एका रिपोर्टवर संसाराचा निकाल लावू नका. माणूस तोच, महिना वेगळा, आकडा दुप्पट-निमपट होतो. दोन रिपोर्ट तरी पाहिजेत. मागच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड असा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याने आकडा पडतो आणि आपोआप वर येतो.

डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची रेषा अशी आहे: एका मिलीत १६ मिलियन, एकूण ३९ मिलियन, हलणारे ४२ टक्के, आकाराने बरोबर असलेले ४ टक्के. हो, चारच. "९६ टक्के खराब" वाचून रडत आलेले लोक मी पाह्यलेत, अहो ते सगळ्यांचंच तसं असतं. आणि ही रेषा म्हणजे पास-नापास नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले त्या पुरुषांतले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथे होते तिथे ती मारलीय. त्याखालीही बाप होतात, त्यावरही अडतं.

मेडिकलवाला_अमळनेर

मीही काउंटरमागचाच माणूस, डबे विकतो, खोटं कशाला बोलू, साध्या गोळीपेक्षा ह्यात मार्जिन बरं असतं. पण गिऱ्हाईक रिपोर्ट घेऊन आलं की आधी विचारतो, डॉक्टरने अंगाला हात लावला का.

अभ्यास काय म्हणतो ते सांगतो. अमेरिकेत झिंक आणि फॉलिक ॲसिडवर मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. २३७० जोडपी, पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक, अर्ध्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी. मूल होण्यात काही फरक नाही, काउंटमध्ये नाही, उलट गोळी खाणाऱ्यांना पोटदुखी-मळमळ जास्त. त्याच वर्षी दुसरा अभ्यास, त्यात व्हिटॅमिन सी, ई, डी, सेलेनियम, कार्निटिन, लायकोपिन असं सगळं एकत्र, म्हणजे आपल्या काळ्या-सोनेरी डब्याचाच भाऊ. त्यातही फायदा दिसला नाही. को-क्यू-टेन किंवा कार्निटिनने रिपोर्टचे आकडे थोडे हलतात असे छोटे अभ्यास आहेत, पण आकडा हलणं वेगळं आणि पाळणा हलणं वेगळं.

डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न परवान्याचा) नंबर बघा. तो असला म्हणजे कायद्याने तो खाण्याचा पदार्थ, औषध नाही. आणि दोन-दोन डबे एकत्र खाणाऱ्यांनो, जास्त झिंकने अंगातलं तांबं कमी होतं, जास्त सेलेनियमने केस गळतात, नखं तुटतात. आधीच टकलाचं टेन्शन असतं.

तुरीची डाळ, शेंगदाणे, तीळ, अंडी, पालेभाजी, कळण्याची भाकरी यांतूनही झिंक मिळतं. ज्याला खरोखर कमतरता आहे त्याची गोष्ट वेगळी, ते रक्तात तपासून.

पावरी_सातपुडा

सगळं इंग्रजी औषधवाल्यांचंच चाललंय इथे. आमच्याकडे सफेद मुसळी पिढ्यान् पिढ्या आहे, पावसाळा संपला की लोक जंगलातून खणून आणतात. आमच्या आजोबांना नऊ लेकरं, कुठला डबा खाल्ला त्यांनी? अश्वगंधावर तर अभ्यास पण झालेत, काउंट वाढला म्हणून.

मेडिकलवाला_अमळनेर

पावरी भाऊ, रागावू नका. अश्वगंधाचे अभ्यास आहेत, मान्य, आकडे चांगले दिसतात हेही मान्य, पण त्यातले बरेचसे चाळीस-पन्नास माणसांचे, तीन महिन्यांचे, आणि मूल झालं का ते बहुतेकांत मोजलंच नाही. आणि ती साखर-फुटाणे नाही. लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, थायरॉईडचं गणित हलतं. ज्याला थायरॉईडची गोळी चालू आहे त्याने डॉक्टरला सांगूनच.

मुसळीचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. खरी मुसळी महाग, म्हणून बाजारात सोललेली शतावरी मुसळी म्हणून खपते. तुम्ही जंगलातली खाता, इथला माणूस पुडीतली खातो. आणि आजोबांना नऊ लेकरं झाली ती आजीचं लग्न सोळाव्या वर्षी झालं म्हणून पण असेल की.

पावरी_सातपुडा

सोळा नाही, चौदा 😄 शतावरीचं खरं आहे, आमच्याकडचे व्यापारीच करतात. पण वैद्याला दाखवून घ्यावं, एवढं तरी म्हणा.

मेडिकलवाला_अमळनेर

म्हणतो. शिकलेला, नोंदणी असलेला वैद्य. रेल्वेच्या भिंतीवर नाव रंगवणारा नाही. तसल्या "मर्दानी ताकद" जाहिरातींवर तर १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, तरी भुसावळला गाडी शिरताना आधी भिंतीवरचा "हकीम" दिसतो आणि मग स्टेशन.

डंबेल_जळगाव

विषय निघालाय म्हणून लिहितो, कोणी हसू नका. वय २९. जिमच्या ट्रेनरने दीड वर्ष टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं दिली, दर आठवड्याला. बॉडी झाली, टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट एकदम हाय, मी खूश. म्हटलं हार्मोन हाय म्हणजे बाकी सगळं हायच असणार. लग्नाला वर्ष झालं, काही नाही म्हणून तपासलं तर काउंट शून्य. शून्य म्हणजे खरंच शून्य, खाली लिहिलंय "एकही आढळला नाही". गोळ्या पण लहान झाल्यासारख्या वाटतात. दोन आठवडे झाले झोप नाही. घरी सांगितलेलं नाही.

लॅबवाला_धुळे

डंबेल भाऊ, हसायचं काय त्यात, बरं झालं लिहिलं. हे तुमच्या एकट्याचं नाही, आठवड्याला एखादा तरी असा येतो.

होतं काय, मेंदूतून दोन निरोप खाली येतात, एलएच आणि एफएसएच. एलएच आला की गोळ्या स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवतात, आणि आतमध्ये त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, बी तयार व्हायला ते आतलंच लागतं. तुम्ही बाहेरून इंजेक्शन मारलं की मेंदू बघतो, माल भरपूर आहे, मग निरोपच बंद. रक्तात पूर आणि आत दुष्काळ. म्हणून तर डब्ल्यूएचओने हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. १९९० मध्ये छापलंय, २७१ पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम, त्यातले १५७ जण सहा महिन्यांच्या आत शून्यावर. तुमचा ट्रेनर तुम्हाला कुटुंबनियोजन देत होता.

चांगली गोष्ट ही की बहुतेकांचं परत येतं, सहा महिने ते वर्ष, काहींना दोन वर्षं. पण आपल्या मनाने काही करू नका. एकदम बंद केल्यावर काही महिने अंगात जीव नसल्यासारखं, चिडचिड, उदास वाटतं, आणि तेवढ्यात घाबरून माणूस पुन्हा सुई घेतो. युरॉलॉजिस्ट किंवा एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचा डॉक्टर) गाठा, ते एचसीजीची इंजेक्शनं किंवा क्लोमिफेनसारखी गोळी ठरवतात, ज्याने मेंदूचा निरोप किंवा त्याचं काम पुन्हा सुरू होतं. जिममध्ये इंजेक्शनं संपल्यावर घ्यायचं "पीसीटी किट" म्हणून जे मिळतं ते घेऊ नका, त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

तपासणी सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी, रात्रपाळी करून येऊ नका. टेस्टोस्टेरॉनसोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन. आणि केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर आधी सांगा, काही मशीनवर बायोटिनमुळे हार्मोनचे आकडे खोटे येतात.

केळीबाग_३३

डंबेल भाऊ, बायकोला सांग. मी चार महिने रिपोर्ट शेतातल्या मोटरीच्या पेटीत लपवला होता, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तापीची_लेक

ह्या धाग्यावर बाई म्हणून मी एकटीच दिसते. आमच्या ह्यांचाही शून्यच होता, पण इंजेक्शन-बिंजेक्शन काही नाही, साधे शिक्षक आहेत. सासूबाईंना आजही वाटतं दोष माझ्यात आहे. मीच तसं सांगितलं होतं, कारण ह्यांना गावात तोंड दाखवायचं होतं. आता वाटतं चूक केली.

शून्य दोन प्रकारचा असतो हे आम्हाला फार उशिरा कळलं. एक म्हणजे कारखाना चालू आहे पण रस्ता बंद, दुसरा म्हणजे कारखान्यातच काम कमी. एफएसएच नॉर्मल, गोळ्यांचा आकार चांगला, तर बहुतेक रस्ता बंद. एफएसएच खूप वर गेलेला असेल तर कारखान्याची अडचण, मग कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी करतात. आमचा रस्ता बंद निघाला. ह्यांना जन्मतःच शुक्राणू बाहेर आणणारी नळीच नव्हती, दोन्ही बाजूंची. चाळीस वर्षांच्या माणसाला जन्मापासून एक नळी नाही हे कोणालाच माहीत नाही! त्यात एक जनुकाची तपासणी माझीपण करायला लावली, बाळाला फुप्फुसाचा आजार जाऊ नये म्हणून, ती अवश्य करा.

मग सुईने आतून शुक्राणू काढून इक्सी केलं, म्हणजे एका अंड्यात एकच शुक्राणू सोडतात. १९९२ मध्ये बेल्जियममध्ये अशी पहिली बाळं झाली, त्याआधी ह्यांच्यासारख्यांना दत्तक किंवा दुसऱ्याचे शुक्राणू जवळजवळ एवढेच रस्ते होते. पहिल्या वेळी नाही झालं. दुसऱ्या वेळी झालं. मुलगी आहे, आता मी हे टाइप करतेय आणि ती माझ्या चष्म्याची काडी चावतेय.

सेंटर निवडताना २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्याखाली नोंदणी आहे का ते विचारा, सर्टिफिकेट भिंतीवर मागा. आम्ही पहिल्यांदा गेलो तिथे नोंदणीचं विचारल्यावर रिसेप्शनिस्टने पाणी आणून दिलं.

इंजिन_भुसावळ

वेल्डिंगचं काम, दिवसभर गरम. लॅपटॉप मांडीवर, मोबाईल खिशात. काय काय बंद करू? आणि तंबाखू?

मेडिकलवाला_अमळनेर

तंबाखू आणि बिडी आधी. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे म्हणतात, टपरीवर विचारा किती बंद आहे ते. लॅपटॉप टेबलावर. कामाचं ऊन आणि आच तुमच्या हातात नाही, पण दर तासाला उठून पाच मिनिटं हवेत जा, घट्ट जीन्स घरी तरी सोडा, गरम पाण्याच्या टबात बसत असाल तर बंद. मोबाईलचं पक्कं सांगता येत नाही, वरच्या खिशात ठेवा, काय बिघडतं. आणि पोट. कमरेची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, दहा किलो कमी केलं तर कुठल्याही डब्यापेक्षा जास्त फायदा. शेवभाजीवरचा तर्रीचा थर कमी करा एवढंच.

कपाशी_चोपडा

बोलायला लाज वाटते पण विचारतो, रात्री झोपेत जातं त्याने कमजोरी येऊन मूल होत नाही का? एकाने सांगितलं धात बंद करायचा कोर्स आहे १२ हजारांचा.

लॅबवाला_धुळे

नाही. टाकी भरली की सांडते, नवी भरत राहते. १२ हजार खिशात ठेवा.

कपाशी_चोपडा

धन्यवाद दादा. दुसरं, फवारणीने होतं का? मी १२ वर्षांचा असल्यापासून पंप पाठीवर घेतोय.

केळीबाग_३३

हा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता, तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्याने मला रात्रभर झोप आली नाही, कारण गोष्ट केळीचीच आहे. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीवरचं औषध होतं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ते बनवणाऱ्या कारखान्यात कामगार एकमेकांशी बोलता बोलता म्हणाले, अरे आपल्यात कोणालाच पोरं होत नाहीयेत. तपासलं तर कित्येकांचा काउंट शून्य. तिकडे वापर थांबवला, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या बागांत त्यानंतरही मारत राह्यले, हजारो मजुरांचं वाटोळं झालं.

ते औषध आता नाही. पण मी तेव्हापासून हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क आणि वाऱ्याच्या पाठीने चालायचं हे पाळतो. नोझल तुंबला की तोंडाने फुंकायची सवय होती, ती मोडली. आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, ते आमच्या हिने ठरवलं.

भरीत_आणि_कळणा

किती दिवस वाट पाहून दाखवायचं पण?

तापीची_लेक

वर्षभर. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिने. आणि दोघांनी एकाच दिवशी, एकाच वेळी दाखवायचं, आधी ती मग तो असं नाही. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा वाटा असतो. आणि "तेराव्या दिवशी रात्री" असलं पंचांग पाळू नका, पाळीनंतर एक दिवसाआड राह्यलं की तो काळ आपोआप सापडतो.

डंबेल_जळगाव

अपडेट. बायकोला सांगितलं. आधी अर्धा तास बोलली नाही, मग ट्रेनरला फोन लावून जे बोलली ते इथे लिहिता येत नाही. डॉक्टरांना दाखवलं. एलएच, एफएसएच दोन्ही जवळजवळ शून्य, म्हणजे लॅबवाले दादा म्हणाले तसंच, निरोप बंद. डॉक्टर म्हणाले हे त्यातल्या त्यात बरं, कारखाना शाबूत असण्याची शक्यता जास्त. इंजेक्शनं बंद, एचसीजी सुरू, तीन महिन्यांनी पुन्हा सॅम्पल. तोपर्यंत काय करू?

केळीबाग_३३

झोप, जेव, हलका व्यायाम कर, तारीख कॅलेंडरवर लिही. आणि डबी डिक्कीत टाकू नको.